वाणाला दिलेले फॉर्म

छत्रीबागेतल्या प्रमोदिनी दिघे कुणाशी भांडल्याचं मला आठवत नाही. दुधात पाणी निघालं तरी दूधवाल्याला त्या ‘भैयाजी’ म्हणूनच सांगायच्या. पण एका माणसावरचा राग त्यांनी कधी विझू दिला नाही, हेही मी शेजारून पाहिलं आहे.

माणूस त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, जयेश. म्युच्युअल फंडाचा एजंट. प्रमोदिनीबाईंचे यजमान श्रीकृष्णराव सांवेर रोडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीचा सगळा पैसा त्यांनी भाच्याकडे सोपवला. दर वर्ष-दीड वर्षाने जयेश यायचा. “काका, हा फंड थकला. नवा आलाय, दहा रुपयांत युनिट. एकदम सस्ता!” श्रीकृष्णराव सही करायचे. आठ वर्षांनी बँकेच्या व्याजाइतकंही सुटलं नाही.

“मार्केटच खराब होतं काका, क्या करें!”

श्रीकृष्णरावांना ते खरं वाटलं. शेवटच्या आजारात ते बायकोची माफी मागत राहिले, आणि तसेच गेले.

ती माफी प्रमोदिनीबाईंना सलत राहिली. तेरावा झाल्यावर स्टेटमेंटची फाइल घेऊन त्या राऊला मैत्रिणीच्या मुलीकडे, सुरभीकडे गेल्या. सुरभी तिथल्या कॉलेजात कॉमर्स शिकवते. तिने सगळे कागद पाहिले. “मावशी, आपल्यासारख्या वाढत्या देशात बाजार वर-खाली होतोच. पण ही आठ वर्षं चांगली होती. पहिला फंड नुसता ठेवला असता तरी पैसे दुप्पट झाले असते. दर बदलीला दंड गेला, कर गेला, वर फंडाचा खर्च. त्या खर्चातच जयेशचं कमिशन. आणि दहा रुपयांचं युनिट स्वस्त नसतं. पोळीचे तुकडे जास्त केले म्हणून पोळी मोठी होते का?”

जयेशला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. संक्रांतीला मात्र, विधवेने करू नये ही रीत मोडून, त्यांनी हळदीकुंकू ठेवलं आणि जयेशची गिऱ्हाइकं असलेल्या घरांतल्याच बायका बोलावल्या. तिळगूळ दिला, आणि वाण म्हणून एकेक फॉर्म. एजंटाशिवाय, थेट फंडात पैसे नेण्याचा.

“अहो, यंदा वाटी नाही?” कुणीतरी हसलं.

“वाटीत घालायला काही राहू दे, मग वाटी देते.”

नंतर त्या घरोघर जाऊन बसल्या, आपली फाइल उघडून दाखवली. होळीपर्यंत सतरा घरं जयेशच्या हातून गेली.

मग तो आला. मी तिथेच बसले होते. “मावशी, माझं घर त्या कमिशनवर चालतं. अब बस करो ना.”

“त्या आठ वर्षांत मार्केट कसं होतं रे?”

तो खाली बघत पुटपुटला, “चांगलं होतं.”

“मोठ्याने बोल. आतल्या खोलीत फोटो आहे त्यांचा.”

“चांगलं होतं! काकांची चूक नव्हती, मावशी. माझी होती.”

प्रमोदिनीबाईंनी पदराने डोळे टिपले. मला वाटलं, मिटलं. पण त्या उठल्या आणि कपाटातून अठरावा फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला. खाली अरुंधतीची, त्याच्या आईची, सही होती.

“हा तूच नेऊन दे,” त्या म्हणाल्या. “तुला ऑफिस माहीत आहे.”