विल्मरचं धुकं

पेरू देशातल्या लिमा शहराच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीत नळ नाही. उंच जाळ्यांवर धुकं चिकटतं, ठिबकतं, तेच पाणी आम्ही पिंपात साठवतो. यंदा धुकं फिरकलंच नाही, म्हणून पालिकेचा टँकर येऊ लागला.

आमचा फोटोग्राफर विल्मर म्हणजे नवरीचे मुरूम पुसणारा, बारशाला खोटं ऊन पाडणारा माणूस. त्याने कोरड्या टेकडीचा फोटो काढून, छान दिसावा म्हणून कॉम्प्युटरवर त्यात धुकं भरलं आणि तो इंटरनेटवर टाकला. इतकं हुबेहूब, की जाळ्यासुद्धा ओल्या दिसाव्यात. पालिकेच्या साहेबाने तोच फोटो आमच्या तोंडासमोर धरला.

"एवढं धुकं असताना टँकर कशाला हवा?"

टँकर बंद झाला.

काल विल्मर बादली घेऊन माझ्या दारात आला.

"नेलिदामावशी, पिंपात थोडं उरलं असेल तर..."

"कॉम्प्युटर उघड," मी म्हटलं, "आणि बादली त्याच्याखाली धर."