मला काहीच होत नव्हतं

मैत्रिणींनो, जळगावच्या दवाखान्यातून, सलाइन लावलेल्या हाताने लिहितेय.

मला सातवा महिना आहे. वजन जास्त, त्यात साखर. सकाळी पारोळ्याला घरी असताना, नेहमीच्या तपासणीचा रिपोर्ट पाहून डॉक्टरबाईंचा फोन आला.

"ताप? जळजळ? पाठदुखी?"

"नाही," मी तिन्हींना म्हटलं.

"लघवीत खूप जंतू सापडलेत. लगेच निघा."

सासूबाई म्हणाल्या, "तुले काहीच व्हत नही, मंग कसाले जास?" तरी निघाले.

सोनोग्राफीत किडनीला सूज दिसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गरोदरपणात प्रतिकारशक्ती बदलते. वजन आणि साखर जास्त असली की ती जंतूंना नीट अडवत नाही. कधीकधी आपल्याला कळतही नाही."

बाळाचे ठोके ठीक आहेत. मलाही बरं वाटतंय, अगदी कालच्यासारखंच. पण आता त्या बरं वाटण्याचीच भीती वाटते.

तुमच्यापैकी कुणी 'काही होत नाही' म्हणून तपासणी टाळतंय का?