पाहुण्यांसमोर झोपायचं नसतं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नीरजाताई शाळेत गणित शिकवतात. शिकवायच्या, म्हणायला हवं. पण शाळेने अजून काढलेलं नाही, म्हणून शिकवतात.

मागच्या वर्षी त्यांना डेंगी झाला. ताप गेला, पण नीरजाताई काही पूर्वीच्या झाल्या नाहीत. रात्रभर झोपून सकाळी उठायच्या ते कालच्याइतक्याच दमलेल्या. वेणी घालताना हात वर धरवेनात. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. त्यांचे यजमान श्रीधरराव पेढेच वाटायचे बाकी होते. नातेवाईक म्हणाले, "थकवा काय, आम्हालाही येतो." सल्ला द्यायचा थकवा पुण्यात कुणाला आलेला मी अजून पाहिला नाही.

शेवटी एका डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. म्हणाले, "हा थकवा विश्रांतीने जात नाही. झेपेल त्याहून जास्त केलंत तर लगेच कळणारही नाही. एक-दोन दिवसांनी अंथरूण धराल." नीरजाताई रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "रडूच येत नाही हो. काही वाटायलासुद्धा जोर लागतो."

रजा संपत आली. ती वाढवायची की नाही हे ठरवायला मुख्याध्यापिका पटवर्धनबाई आणि संस्थेचे चिटणीस आपटे शुक्रवारी संध्याकाळी घरी येणार होते. रजा वाढली नाही तर हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा. मी बजावलं, "गाऊनवर पलंगावर पडून राहा. चहा मी करते."

"घरी आलेल्या माणसासमोर झोपून राहायचं?" त्या म्हणाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी गेले तर नीरजाताई इस्त्रीच्या साडीत. नारळ मंडईतलाच हवा म्हणून श्रीधररावांना पिटाळलेलं. पोहे, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. आग्रह करकरून दोघांना दुसऱ्यांदा वाढले. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"छान दिसताहेत की!" जिन्यात पटवर्धनबाई म्हणाल्या.

"आजचं परवा दिसेल," मी म्हटलं.

"परवा रविवार आहे," आपटे म्हणाले. "सुट्टी."

रविवारी नीरजाताईंना मान उचलता येईना. उजेड सोसेना म्हणून पडदे ओढलेले, मिक्सरचा आवाज सोसेना म्हणून श्रीधरराव ब्रेड खाऊन राहिलेले. पाणी त्यांनीच चमच्याने पाजलं. मी कपाळावर हात ठेवला. नीरजाताईंनी डोळेही उघडले नाहीत.

सोमवारी पटवर्धनबाईंचा फोन आला. मी तो नीरजाताईंच्या कानाशी धरला.

"उद्यापासून या. घरी बसून माणूस उगाच आजारी पडतो."

माझं डोकं फिरलं. फोन माझ्याकडे घेऊन म्हटलं, "बाई, आत्ता या आणि डोळ्यांनी बघा."

"येते की. तासाभरात पोचते," त्या फणकाऱ्याने म्हणाल्या.

नीरजाताईंची बोटं माझ्या मनगटावर आली. "नको," त्या पुटपुटल्या. "त्यांना सांगा, आज नको."

"अहो, आजच तर यायला हवं त्यांनी!"

त्या बराच वेळ शब्द शोधत राहिल्या.

"घरात... ते... पोहे संपलेत."

मी फोन तोंडाशी नेला.

"या, बाई," मी म्हटलं. "येताना खाऊन या."