टाचण्या आणि पाहुणी

टेलरबाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक मशीन, एक उंच आरसा आणि गिऱ्हाइकानं उभं राहायला लाकडी चौथरा. गिऱ्हाईक चढलं की बाई तोंडात दोन टाचण्या, कानावर खडू आणि स्वतःच्या ब्लाउजला डाव्या छातीवर टाचण्यांची रांग अशा थाटात कामाला लागत. टाचण्यांसाठी उशी होती. पण ती शोधायची तर टेबल आवरावं लागणार, आणि टेबल आवरणं बाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं.

नेमकी त्याच डाव्या बाजूला गाठ निघाली. स्तन काढावा लागला. उपचार झाले, रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरीणबाईंनी त्याच ऑपरेशनमध्ये छातीच्या स्नायूखाली एक पिशवी बसवून दिली होती. तिचं नाव एक्सपांडर. मधून मधून सुईनं तिच्यात थोडं मिठाचं पाणी भरायचं, कातडी हळूहळू सैल करून घ्यायची आणि पुरेशी जागा झाली की ती काढून कायमचं इम्प्लांट बसवायचं.

"म्हणजे हा कच्चा धावदोरा," बाई म्हणाल्या. "पक्की शिलाई नंतर."

त्यांच्या नवऱ्याचं शेजारीच सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याला एकच शंका. "व्हॉल्व्ह कुठाय?"

सिस्टरनं छोटं लोहचुंबक कातडीवरून फिरवून पाणी भरायची जागा शोधून दाखवली, तेव्हा गडी इतका खूश झाला, की बायकोला दुखतंय का हे विचारायचंच विसरला. घरी आल्यावर त्याचा हिशेब झाला. कसा झाला ते सांगत नाही.

बाईंनी त्या पिशवीचं नाव 'पाहुणी' ठेवलं. "पाहुणी आज फुगून बसलीय." "पाहुणीला कुशीवर झोपवत नाही." तोंडानं असे विनोद चालायचे; पण त्या तिला हात लावत नसत. आंघोळ घाईत उरकत. दिवसभर आरशासमोर काम, पण आरशात फक्त गिऱ्हाईक बघत. जाणाऱ्या माणसाशी कशाला जवळीक वाढवायची, असा सगळा मामला.

पाणी भरून झालं, जागा झाली, पक्क्या शिलाईचा दिवस ठरायचा होता. बाई पुन्हा दुकानात बसू लागल्या. एका दुपारी चौथऱ्यावर एक धिप्पाड गिऱ्हाईक, लांब झग्याची खालची दुमड चाललेली, आणि कोपऱ्यात सासूबाई बटणं लावत बसलेल्या. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि सुई तशीच राहिली.

"अगं, पाहुणीला टाचण्या टोचल्यास की!"

"कुठली पाहुणी?" गिऱ्हाईक इकडंतिकडं बघू लागलं.

बाईंनी मान खाली घातली. सवयीनं दगा दिला होता. डाव्या छातीवर तीन टाचण्या शिस्तीत उभ्या. ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर, त्यामुळे जाणवलं काहीच नव्हतं. बाईंनी एकेक उपसली. दोन कोऱ्या निघाल्या. तिसरीच्या टोकाला लाल ठिपका होता.

आरडाओरडा ऐकून नवरा तेलकट हातांनी धावत आला. "हलू नकोस. बादली आणतो."

"बादली?"

"बुडवून बघू. बुडबुडे आले की समजायचं."

"अहो, आत हवा नाही, पाणी आहे!"

तो विचारात पडला. "मग बुडवून काय उपयोग?"

"तू गप बस आणि रिक्षा बघ," सासूबाई म्हणाल्या. गिऱ्हाईक अर्ध्या दुमडीच्या झग्यात, टाचण्यांसकट, रिक्षापर्यंत पोचवायला आलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. "टाचणी कातडीतच थांबलेली दिसतेय. पण बारीक छिद्र एवढ्यात कळायचं नाही. पिशवी गळत असेल तर एक-दोन दिवसांत बसेल. पाण्यानं अपाय नाही, शरीर ते शोषून घेतं. मात्र पिशवी बदलावी लागेल, पुन्हा पहिल्यापासून. आणि लाली, ताप आला तर लगेच या." गोळ्या लिहून देत त्या म्हणाल्या, "तोवर तुमच्या टाचण्या माझ्याकडं जमा करा."

बाई हसल्या नाहीत. परतताना रिक्षात त्यांचा तळवा पहिल्यांदा पाहुणीवर होता, झाकल्यासारखा. "आता जायचं नाही हं," त्या पुटपुटल्या. नवऱ्याला वाटलं आपल्याला म्हणाल्या. "कुठं जातोय मी?" तो म्हणाला. आता मात्र बाईंना हसू फुटलं.

घरी येताच त्यांनी टेप काढला आणि सासूबाईंना मधल्या हाडापासून काखेपर्यंतचं माप घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. आजवर अख्ख्या गल्लीची मापं घेणारी ही बाई स्वतः आरशासमोर हात वर करून उभी, आणि सासूबाई टेप डोळ्यांशी नेऊन बघतायत.

"बोला ना! बसली का?"

"कालच्याएवढंच आहे. आणि टेप ओढू नकोस, मला कळतं."

त्याच्या पुढच्या सकाळीही तेवढंच. ताप नाही, लाली नाही. सासूबाईंनी टेप सुनेच्या गळ्यात घातला आणि तिच्या गालावरून हात फिरवला. बाईंनी मग आरशात निवांत पाहिलं. उजवं पाहिलं, डावं पाहिलं. "हिला आता पाहुणी म्हणायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. "हिच्या जागी येणारीलाही नाही."

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी टेबलावर इम्प्लांटचे दोन नमुने ठेवले. कापड घेताना करतात तसं बाईंनी दोन्ही चिमटीत धरले, दाबले, उलटे करून पाहिले. पाण्याचं जरा टणक, कडेला सुरकुती पडणारं. सिलिकॉन जेलचं मऊ, हाताखाली सहज वळणारं.

"पाण्याचं घे," नवरा कुजबुजला. "गळलं तर लगेच कळतं. जेलचं तपासत राहावं लागतं."

"त्यांचं बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवरा ताठ बसला.

"असू दे बरोबर. मी तपासायला येत जाईन," बाई म्हणाल्या. "अंगाला लागणारं अस्तर मऊच हवं." त्यांनी जेलचं पुढं सरकवलं.

"दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील असं मात्र नाही हं."

"एवढी वर्षं मापं घेतेय मी. एकोणीस-वीस प्रत्येकीचंच असतं. तुमचंसुद्धा असेल."

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या आणि त्यांनी कॅलेंडर पुढं ओढलं.

पक्की शिलाई झाली. आता बाई चौथऱ्यापाशी पुन्हा त्याच थाटात उभ्या राहतात. फक्त टाचण्यांची उशी मनगटावर असते, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यानं बांधलेली. पट्टा नवऱ्यानं कापून दिलाय. टेबल अजून आवरलेलं नाही.