डाव्या हाताची परवानगी

शनिवारी सकाळी दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट खाली येते, तेव्हा दार उघडण्याआधीच आतून किणकिण ऐकू येते. झेवियरअंकलच्या चाकांच्या बॅगेत हॉटेलने टाकून दिलेल्या, कडेचा टवका उडालेल्या प्लेटा असतात. प्रत्येक प्लेट जुन्या टॉवेलात गुंडाळलेली असते, तरी त्या बोलतातच.

झेवियर तुस्कानो मूळचे वसईजवळच्या नंदाखालचे. उभं आयुष्य त्यांनी दुबईच्या हॉटेलांत मेजवान्या वाढण्यात घालवलं. वेटर म्हणून आले, वेटरांचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. मुलगी करेन इथे नोकरी करते, म्हणून ते आणि बेटीआंटी अजून इथेच आहेत. निवृत्त माणसाने सकाळी खाडीकाठी फिरायला जावं अशी आंटींची अपेक्षा होती. अंकल मात्र प्लेटा घेऊन जवळच्या ऊद मेथा भागात जातात.

तिथल्या एका हॉलमध्ये दर शनिवारी आफ्रिकेतून आलेले तरुण जमतात. कुणी घानाचा, कुणी युगांडाचा, कुणी कॅमेरूनचा. बहुतेक जण कुठल्या तरी टॉवरच्या दाराशी सिक्युरिटीच्या गणवेशात बारा-बारा तास उभे असतात. लोक त्यांच्याकडे न बघता त्यांच्यासमोरून जातात, किंवा फार निरखून बघत जातात. हॉलचा नियम साधा आहे. एका तरुणामागे एक वडीलधारं माणूस. ते माणूस त्याला मुलाखतीची तयारी करून देतं, करार वाचून दाखवतं, आजारपणात फोन करतं, आणि वेळ पडली तर रागावतंही. अंकल तिथे त्या प्लेटा मांडून हॉटेलात वाढायचं कसं तेही शिकवतात.

"मी आलो तेव्हा मला रागवायला एक मंगळूरचा म्हातारा स्टुअर्ड होता," अंकल सांगतात. "तो नसता तर मी पहिल्याच महिन्यात परत गेलो असतो. या पोरांना इथे ओरडतात सगळे, रागावत कुणी नाही."

शेजारच्या फ्लॅटमधल्या नीरवला हे पटत नसे. लिफ्टमध्ये तो हसत हसत म्हणायचा, "अंकल, उन काले लड़कों के बीच जाते हो, प्लेटें गिनकर वापस लाना हां."

"गिनता हूँ ना," अंकल म्हणायचे. "हर बार उतनी ही निकलती हैं. तेरे घर जो इस्त्री दी थी, वो अभी तक नहीं आई."

गेल्या हिवाळ्यात अंकलच्या वाट्याला क्वेसी आला. घानातल्या केप कोस्टचा, उंच, आवाज मात्र इतका हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. त्याच्या सिक्युरिटी कंपनीचं कंत्राट संपलं होतं. व्हिसा रद्द झाल्यावर दुसरी नोकरी शोधायला जी मुदत मिळते, ती सरत आली होती. त्याला हॉटेलात काम करायचं होतं. अंकलनी फ्रेडीला फोन लावला. फ्रेडीही वसईचाच, एके काळी अंकलच्या हाताखाली शिकलेला, आता एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर.

"झेवियर, तुझ्या शब्दावर दोन पोरं घेतली, दोन्ही मधेच सोडून गेली," फ्रेडी म्हणाला. "वर मला उत्तर द्यावं लागतं. हा शेवटचा. पुढच्या रविवारी लंच आहे, त्यात ट्रायल देईल. जमलं तर ठेवतो. नाही जमलं तर तू पुन्हा फोन करायचा नाहीस."

म्हणजे क्वेसीकडे एक शनिवार होता.

फ्रेडीच्या हॉटेलची पद्धत अशी: प्लेट पाहुण्याच्या डाव्या बाजूने यायची आणि डाव्या हाताने ठेवायची. त्या बाजूने उजवा हात पुढे केला की कोपर पाहुण्याच्या तोंडासमोर येतं. अंकल नेहमीप्रमाणे स्वतः पाहुणा होऊन टेबलाशी बसले. क्वेसी मागून आला, डाव्या बाजूला थांबला आणि ऐन वेळी हात बदलून उजव्या हाताने प्लेट ठेवली. कोपर अंकलच्या चष्म्याला लागलं.

"पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चष्मा तिरका झाला.

"तो डावा हात काय लग्नासाठी जपून ठेवलायस?" अंकल म्हणाले. पोरं हसली. युगांडाचा मोझेस म्हणाला, "अंकल, लग्नाला मुलगी तरी हवी ना!" क्वेसी हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता.

दमून अंकल उठले आणि त्यांनी मोझेसला खुर्चीत बसवलं. "याला वाढ."

क्वेसी आला. डावी बाजू, डावा हात. प्लेट टेबलावर अशी टेकली की आवाजही झाला नाही. अंकल बघतच राहिले.

"मग माझ्या वेळी काय होतं तुला?"

क्वेसीने खाली बघत सांगितलं, "पापा, तुम्ही वडील आहात. आमच्याकडे वडील माणसाला डाव्या हाताने काही देणं म्हणजे त्याच्या तोंडावर अपमान करणं. माझी आई त्यासाठी हातावर मारायची. मोझेसला मी देऊ शकतो. तुम्हाला देताना हात पुढे जातच नाही."

अंकल खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. नंदाखालला त्यांची आईसुद्धा डाव्या हाताने दिलेलं पाणी घेत नसे. प्यायला तांब्या पुढे केला की आधी हात बघायची. अंकलनी स्वतःची सवय इथे एका दिवसात मोडली होती, कारण किचनच्या दारात उभा राहून कुणीतरी सगळ्यांदेखत शिवी दिली होती. हात का अडतो, हे त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

"आणि तुमच्याकडे डाव्या हाताने द्यायची वेळच आली तर?" त्यांनी विचारलं. "उजव्या हातात सामान असेल तर?"

"तर आधी माफी मागायची. 'सॉरी फॉर लेफ्ट' म्हणायचं. वडील माणूस मान हलवतो, मग द्यायचं."

"मग अडलंय कुठे? हे केस पांढरे आहेत, त्यांना पीठ लागलेलं नाही. मी वडील आहे की नाही?"

"आहात, पापा."

"तर मी तुला परवानगी देतो. माझ्या वतीने, आणि फ्रेडीच्या हॉटेलात जेवायला येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या वतीने. म्हण आणि वाढ."

त्या दिवशी दुपारपर्यंत हॉलमध्ये एकच संवाद चालला होता, त्यातलं 'खलास' म्हणजे इथल्या अरबीत 'झालं, मिटलं'. "सॉरी फॉर लेफ्ट." "खलास, माफ." प्लेट. "सॉरी फॉर लेफ्ट." "खलास, माफ." प्लेट. हळूहळू क्वेसीचा आवाज खाली आला, मग फक्त ओठ हलू लागले. अंकलनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. शेवटी त्यांनी तो परत डोळ्यांवर चढवला.

रविवारी अंकल घरातच होते. फोन टेबलावर, आणि ते टेबलाभोवती.

"बसा हो," बेटीआंटी म्हणाल्या. "लादी झिजेल. पोरगा ट्रायल देतोय, तुम्ही नाही."

"डॅड, रिलॅक्स. ही विल बी फाइन," करेन म्हणाली, आणि आईकडे बघून तिने हळूच बोटं क्रॉस केली.

फ्रेडीचा फोन आला तेव्हा अंकलनी स्पीकर लावला. आंटींनी नंतर मला सगळं सांगितलं.

"झेवियर, मुख्य टेबलावर इथल्याच एका अरब कुटुंबातले आजोबा होते," फ्रेडी म्हणाला. "तुझा पोरगा त्यांच्या मागे गेला आणि थबकला. मी म्हटलं, गेलं सगळं. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, मान जराशी झुकवली आणि प्लेट अशी ठेवली की बाजूचा काटा हलला नाही. म्हाताऱ्याने वळून बघितलं त्याच्याकडे. आमच्याकडे वेटरला वळून कोण बघतं? काय शिकवलंस त्याला, मंत्र?"

"हो," अंकल म्हणाले, "मंत्रच."

"उद्या कागद घेऊन पाठव. आणि ऐक, पुढच्या महिन्यात मला अजून दोघं लागतील. तुझ्याच हॉलची."

आंटींनीच "पाठवतो, पाठवतो" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी क्वेसी घरी आला. योगायोगाने लिफ्टमध्ये नीरवही होता. अंकल क्वेसीला घ्यायला खाली गेले होते. नीरवने क्वेसीला वरपासून खालपर्यंत बघितलं. तो काही म्हणायच्या आधीच अंकलनी क्वेसीच्या खांद्यावर हात टाकला. तिथवर पोचायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

"ये मेरा लड़का है," ते म्हणाले. "बड़े होटल में लगा है. कभी फॅमिली लेकर जा, ये परोसेगा तो समझेगा परोसना क्या होता है."

नीरवने हात पुढे केला. "काँग्रॅट्स," तो म्हणाला, आणि बाकीचे मजले तो आकडे बघत राहिला.

घरात आंटींनी सुरमई तळली होती. क्वेसी मदतीला उठू लागला, तर अंकलनी त्याला खुर्चीत दाबून बसवलं. टवका उडालेल्या प्लेटांमधली एक त्यांनी घेतली, तीत भात आणि मासा नीट मांडला, आणि पाठ ताठ करून ते त्याच्या डाव्या बाजूला आले. डाव्या हातावर प्लेट, उजवा हात पाठीमागे, जसे कैक वर्षं ते मोठमोठ्या हॉलमधून चालले होते.

क्वेसी ताडकन उभा राहिला. "नाही पापा, तुम्ही मला वाढायचं नाही."

"पाहुणा उभा राहत नाही. बस." क्वेसी बसला. अंकलनी मान जराशी झुकवली. "सॉरी फॉर लेफ्ट."

प्लेट पुढ्यात आली. आवाज झाला नाही. क्वेसीने मान हलवली.

"झालं का दोघांचं?" बेटीआंटी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "मासा निवतोय."