टेकडीवरची नावं

"ओकुसान, नाव पाठ झालं?" असं विचारत आजोबा माझ्या पुठ्ठ्याच्या चिलखताची नाडी खसकन ओढायचे. ओकुसान म्हणजे बाईसाहेब, पण त्यांच्या तोंडी ते 'ए गधडे'सारखं ऐकू यायचं.

जपानमधल्या त्सुकुबाजवळच्या आमच्या गावामागे एक टेकडी आहे. जुन्या यादवी युद्धाचा निकाल तिथे लागला. हरलेल्या सरदाराने भरदिवसा, उघड्या चढावरून पायदळाला वर पाठवलं. एकही जण माथ्यावर पोचला नाही. दरवर्षी गावकरी हा हल्ला करून दाखवतात. माणसं कमी पडतात, म्हणून आम्हा परदेशी शेजाऱ्यांनाही उभं करतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे हे आजोबा, निवृत्त पोस्टमन, पायदळाची तालीम घ्यायचे.

पहिल्या तालमीत गंमतच झाली. मरून पडतानाही कुणाच्या पायावर पाय पडला, की लोक "सुमिमासेन, माफ करा" म्हणत वाकायचे. मीही वाकले. इथे राहून ती सवयच लागते. आजोबा कडाडले, "मेलेला माणूस माफी मागत नाही! ज्यांनी वर पाठवलं त्यांनी मागावी!"

देवळाच्या वहीतून त्यांनी मेलेल्यांची नावं उतरवून घेतली होती. प्रत्येकाला एकेक वाटायचे. पडताना ते नाव ओरडायचं. माझ्या वाट्याला आला कुमाझो, सुताराचा मुलगा, वय एकोणीस. माझ्या लेकाएवढाच.

गेल्या वर्षी उत्सव समितीने नावं बंद केली. का, तर म्हणे कार्यक्रम लांबतो! सरदाराचं भाषण मात्र वाढवलं. हा सरदार लढाईभर खाली स्टुलावर बसून होता, आणि स्टेशनसमोर पुतळा त्याचाच आहे बरं का! तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही? आजोबांनी अध्यक्षांपुढे यादी धरली. "बत्तीस नावं आहेत. दोन मिनिटं लागतात." अध्यक्षांनी कमरेत वाकून माफी मागितली आणि यादी परत केली.

आजोबा चिलखतासकट घरी गेले. जिन्यात मला म्हणाले, "ओकुसान, पुन्हा मारलं हो त्यांना." फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या सुनेने ती यादी माझ्या हातात आणून दिली.

यंदाच्या सूचनापत्रात लिहिलं होतं, 'शांतपणे पडावे.' शांतपणे म्हणे! मी निम्मा चढ चढले आणि "कुमाझो! वय एकोणीस!" असं बोंबलून कोसळले. डावीकडे एका म्हातारबाईंनी त्यांच्या वाट्याचं नाव ओरडलं. बाकीचे गुपचूप पडले.

अध्यक्ष धावत आले. माझ्याजवळ वाकून वाट बघत राहिले. अशा वेळी इथे काय म्हणायचं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. ओठांवर आलंसुद्धा होतं.

मी डोळे मिटून पडून राहिले. मी मेले होते.