रेतीऐवजी तांदूळ

डब्यातल्या तांदळाला कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला की माझा उजवा खांदा आपोआप ताठ होतो. बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी राज्याच्या नेमबाजी संघाची निवड होती. लांबच्या निशाण्यासाठी रायफल टेकवायला बाबांनी जुन्या जीन्सच्या पायात खारून नदीची रेती भरून पिशवी शिवली होती. घर आवरताना आत्यानं ती रेती गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, कुंडीत ओतली आणि पिशवी धुऊन वाळत घातली. "रेतीच तं होती पोरी, काहून अशी पाहून राहिली?" मी पिशवीत डब्यातले तांदूळ भरले. रेंजवर पहिल्याच गोळीला ती हलकी पिशवी सरकली आणि रायफलचा दस्ता खांद्यावर आदळला. "दीदी, मेरा स्टँड ले लो," शेजारची मुलगी म्हणाली. मी नको म्हटलं. उरलेल्या गोळ्या तशाच मारल्या. खांदा दुखतोय हे कळलंच नाही. निवड झाली नाही, त्याचंही काही वाटलं नाही. आता माझ्याकडे लोखंडी स्टँड आहे. रेतीत गोडलिंब काही वाढत नाही, पण आई कुंडीतली माती बदलू म्हणाली की मी विषय बदलते.